एसपीची शेपटी कधी येते, कधी गायब होते: होक्स्ट स्टेनिंगमध्ये नेमकं काय बिघडतं

उंदराच्या बोन मॅरोमधून स्टेम सेल वेगळ्या काढायला तुम्ही होक्स्ट ३३३४२ हा डीएनएला बांधणारा, चमकणारा डाय वापरत असाल तर हे ओळखीचं वाटेल. सोमवारी फ्लो सायटोमीटरच्या (एकेक सेल लेझरसमोरून नेऊन तिची चमक मोजणाऱ्या मशीनच्या) प्लॉटवर डाव्या बाजूला खाली उतरणारी ती बारीक शेपटी, म्हणजे साइड पॉप्युलेशन किंवा एसपी, डाय बाहेर फेकणाऱ्या सेल्सचा गट, अगदी हवी तशी दिसते, डाय फेकणारा पंप अडवणाऱ्या व्हेरापॅमिलच्या ट्यूबमध्ये ती पुसली जाते, सगळं छान. गुरुवारी तोच प्रोटोकॉल, तोच डाय, त्याच जातीचे त्याच वयाचे उंदीर, आणि शेपटी नाहीच. किंवा त्याहून वाईट म्हणजे ती इतकी जाड की २-३ टक्के सेल्स तिच्यातच बसल्यात आणि व्हेरापॅमिल घातलं तरी हलत नाहीत.

आमच्याकडे हे जवळजवळ ८ महिने चाललं होतं. प्रत्येक वेळी काहीतरी एक बदलायचं, पुढच्या वेळी शेपटी आली की वाटायचं सापडलं कारण, आणि त्याच्या पुढच्या वेळी परत गायब. डायचा लॉट बदलला, उंदरांचं वय बदललं, सीरम बदललं, मशीनवाल्यांशी वाद झाले. शेवटी जे सापडलं ते इतकं साधं होतं की इथे सविस्तर लिहून ठेवावंसं वाटलं, कारण माझी खात्री आहे की बऱ्याच लॅबमध्ये आत्ता या क्षणी हेच चालू असणार.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, बाकी सगळं त्यातूनच निघतं. अँटीबॉडी लावतो तेव्हा आपण सेलवर खूण करतो, मार्कर आहे तिथे ती चिकटते, अर्धा तास ठेवा नाहीतर पाऊण तास, फार फरक पडत नाही. होक्स्ट तसा नाही. होक्स्ट जिवंत सेलच्या आत शिरतो, डीएनएला बांधला जातो, आणि त्याच वेळी ज्या सेल्सच्या पडद्यावर एबीसीजी२ नावाचा पंप आहे त्या सेल्स तो बाहेर फेकत असतात. म्हणजे तुम्ही प्लॉटवर जे बघता ती आत येणं आणि बाहेर जाणं यांच्या शर्यतीतली एका मिनिटाची स्थिती आहे. शर्यत चालू असताना तापमान बदललं, वेळ बदलली, डायचं सेलमागे प्रमाण बदललं, की स्थिती बदलली. सेल्स त्याच असतात, फक्त त्यांची जागा हलते. आम्ही ८ महिने स्टेम सेल हरवल्या म्हणून शोधत होतो आणि त्या कुठेही गेल्या नव्हत्या.

मार्गारेट गुडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ही पद्धत दाखवली तेव्हा त्या मुळात सेल सायकल बघत होत्या, म्हणजे कुठल्या सेलमध्ये किती डीएनए आहे ते, आणि एकाऐवजी दोन रंगांत, निळ्यात आणि लाल बाजूला, एकदम बघितल्यावर ही शेपटी दिसली. दोन रंग का लागतात हेही समजून घ्या. होक्स्ट डीएनएवर कमी बसला असेल तर त्याची चमक निळ्याकडे झुकलेली असते आणि जास्त बसत गेला की ती लालकडे सरकते, त्यामुळे पंप करणाऱ्या सेलमध्ये लाल चमक निळ्यापेक्षा आधी पडते आणि सेल डावीकडे सरकत खाली जाते. एकाच रंगात बघितलं तर ही शेपटी बाकीच्या कचऱ्यात मिसळून जाते. पंप म्हणजे एबीसीजी२ हे २००१ मध्ये कळलं, आणि पुढे ज्या उंदरांमध्ये हा जीनच काढून टाकला होता त्यांच्या बोन मॅरोत शेपटी जवळजवळ नाहीशी झाली पण रक्त मात्र व्यवस्थित बनत राहिलं. हे वाक्य परत वाचा हवं तर. शेपटी गेली, स्टेम सेल राहिल्या. त्यामुळे तुमच्या प्लॉटवर शेपटी नाही याचा अर्थ उंदरात स्टेम सेल नाहीत असा कधीच होत नाही.

आता निदानाकडे येऊ. सगळ्यात आधी प्लॉट बघा, सेल्सना दोष नंतर द्या. लाल आडव्या अक्षावर, निळा उभ्या अक्षावर, आणि दोन्ही लिनियर. लॉगवर ठेवलं असेल तर तिथेच चुकलं, बाकी फ्लोमध्ये सगळं लॉगवर बघायची सवय असते म्हणून नवीन मुलं हमखास इथे अडकतात. व्होल्टेज असं लावा की जी०-जी१ चा, म्हणजे डीएनए अजून दुप्पट न केलेल्या सेल्सचा, मुख्य गठ्ठा साधारण मध्यभागी येईल, त्याच्या वर उजवीकडे एस आणि जी२-एम चा, म्हणजे डीएनए दुप्पट करणाऱ्या आणि केलेल्या सेल्सचा, हात दिसेल, तांबड्या पेशी आणि कचरा डाव्या खालच्या कोपऱ्यात. मुख्य गठ्ठा घट्ट आणि गोल दिसत नसेल, पसरलेला ढग दिसत असेल, तर शेपटी शोधण्यात वेळ घालवू नका, ती त्या ढगात गडप झालेली आहे. तेव्हा लेझरचं अलाइनमेंट बघायला सांगा, सॅम्पलचा वेग कमी करा. लेझर ३५० ते ३५५ नॅनोमीटरचा अल्ट्राव्हायोलेट हवा, निळ्यासाठी ४५० च्या आसपासचा बँडपास, लालसाठी ६७५ चा लाँग पास, मध्ये ६१० चा डायक्रोइक. हे फिल्टर कोणीतरी दुसऱ्या कामासाठी काढलेत आणि परत लावले नाहीत हे आमच्याकडे दोनदा झालं, त्यामुळे मी आता सेल्स मशीनवर नेण्याआधी फिल्टर स्वतः डोळ्यांनी बघते.

आणि इव्हेंट, म्हणजे मशीनने नोंदवलेले ठिपके, किती घेता? उंदराच्या बोन मॅरोत ही पॉप्युलेशन ०.०१ ते ०.१ टक्क्याच्या घरात असते. ०.०५ धरा. ३० हजार इव्हेंट घेतले तर शेपटीत १५ ठिपके येणार, त्यातले थोडे गेटच्या, म्हणजे प्लॉटवर आपण आखलेल्या चौकटीच्या, बाहेर पडणार, आणि तुम्ही म्हणणार शेपटी नाही. निदान ५ लाख जिवंत सेल्सचे इव्हेंट घ्या, जमलं तर १० लाख, म्हणजे ५०० ठिपके होतील आणि आकार कळेल. "गायब झाली" अशा तक्रारींपैकी काही तर इथेच संपतात.

मशीन ठीक आहे, इव्हेंट भरपूर आहेत, मुख्य गठ्ठा घट्ट आहे आणि तरी शेपटी नाही, असं असेल तर बहुतेक वेळा ओव्हरस्टेनिंग. म्हणजे डाय सेलमागे जास्त पडला आणि पंपाला तो आवरला नाही. याच्या उलट जाड शेपटी, जी मुख्य गठ्ठ्यातून रुंद पट्ट्यासारखी खाली उतरते आणि व्हेरापॅमिलला दाद देत नाही, ती अंडरस्टेनिंगची. कारण डाय आत जाताना प्रत्येक सेल, मग ती कोणतीही असो, सुरुवातीला कमी डायच्या जागेतूनच जाते, म्हणजे शेपटीच्या जागेतूनच वर चढते, आणि तुम्ही अर्ध्यात थांबवलं तर वाटेत असलेल्या सगळ्या सेल्स साइड पॉप्युलेशन म्हणून मोजल्या जातात. जाड शेपटी बघून आनंद होतो, मलाही व्हायचा, पण २ टक्के दिसले की आता मी आधी शंका घेते.

आता आमचं कारण सांगते. मूळ प्रोटोकॉल म्हणतो १ मिलीला १० लाख न्यूक्लिएटेड सेल्स, ५ मायक्रोग्राम प्रति मिली होक्स्ट, ३७ अंश, ९० मिनिटं. यातला "न्यूक्लिएटेड" हा शब्द सगळे वाचतात आणि पुढे जातात. आमच्याकडे दोघी जणी आळीपाळीने मॅरो काढायच्या. एकजण ३ टक्के ॲसिटिक ॲसिडमध्ये सेल्स मिसळून मोजायची, त्यात तांबड्या पेशी फुटतात आणि फक्त न्यूक्लियस असलेल्या दिसतात. दुसरी ट्रायपॅन ब्लूमध्ये मोजायची, आणि मॅरो फ्लश करताना रक्त जास्त आलं असेल त्या दिवशी तांबड्या पेशीही थोड्याफार तिच्या काउंटमध्ये जायच्या, त्यातही नेमक्या किती ते त्या दिवशीच्या फ्लशिंगवर. समजा तिने ३ कोटी मोजल्या आणि खऱ्या न्यूक्लिएटेड २ कोटीच होत्या. ती ३० मिली मिडियम घ्यायची, डाय त्या ३० मिलीच्या हिशोबाने घालायची, आणि प्रत्यक्षात सेलमागे डाय दीडपट व्हायचा, कारण तांबड्या पेशीत डीएनए नसतो, त्या डाय पीत नाहीत. तिच्या दिवशी शेपटी गायब. पहिलीच्या दिवशी शेपटी हजर. आम्ही दोघींच्या हाताला, डायला, उंदराला दोष देत राहिलो आणि तारखा लावून बघितल्यावर एका संध्याकाळी अख्खं चित्र स्पष्ट झालं, कोणी मोजलं त्याप्रमाणे सगळे दिवस दोन ढिगांत पडले.

तेव्हापासून आमचा नियम एकच, मोजायची पद्धत एक आणि ती वहीत लिहायची. तांबड्या पेशी आधी अमोनियम क्लोराइडने फोडून मग मोजा किंवा ॲसिटिक ॲसिडमध्ये मोजा, पण रोज तेच. दोनदा मोजा, दोन काउंटमध्ये दहा टक्क्यांहून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा मोजा. पाच मिनिटं जातात, पूर्ण दिवस वाचतो. आणि गुठळ्या असतील तर गाळून मगच मोजा, नाहीतर गुठळीत अडकलेल्या सेल्स काउंटमध्ये येत नाहीत पण डाय मात्र पितात.

काउंट पक्का झाल्यावर आमचा त्रास बहुतेक गेला, पण पूर्ण नाही. उरलेला तापमानाचा होता. वॉटर बाथचा आकडा ३७ दाखवत होता, ट्यूबच्या आत थर्मामीटर घातला तर पहिली १५-२० मिनिटं ३७ च्या बऱ्याच खाली. कारण सरळ आहे. एका उंदराच्या मांडीच्या आणि नडगीच्या हाडांतून साधारण ४ ते ५ कोटी सेल्स निघतात, म्हणजे ४०-५० मिली सस्पेन्शन, ते एका मोठ्या ट्यूबमध्ये भरलेलं, थंड मिडियममध्ये केलेलं, ते गरम व्हायला वेळ लागतो आणि तोवर ९० मिनिटांचं घड्याळ पळत असतं. पंप आणि डायचं शिरणं दोन्ही तापमानावर चालतं, पण एकाच वेगाने बदलत नाहीत, त्यामुळे शर्यतीचा निकाल बदलतो. मिडियम आधीच ३७ ला गरम करा, सेल्स त्यात टाका, मग डाय, मग घड्याळ. इनक्युबेटरमध्ये ठेवू नका, हवा गरम करायला फार वेळ लावते, पाणीच हवं, आणि पाण्याची पातळी ट्यूबमधल्या सस्पेन्शनच्या वर हवी. बाथची टाकी अर्धी भरलेली असणं ही इतकी साधी गोष्ट आहे की कोणी बघत नाही. दर १५-२० मिनिटांनी ट्यूब हळूच उलटी-सुलटी करा, कारण ९० मिनिटांत सेल्स तळाला बसतात आणि तळाशी गर्दी झालेल्या सेल्सना डाय वेगळा मिळतो. व्होर्टेक्स नको.

मिडियम डीएमईएम, त्यात २ टक्के सीरम आणि १० मिलीमोलर हेपिस, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारा बफर. हेपिस नसेल तर उघड्या हवेत पीएच चढतो आणि होक्स्टचं शिरणं पीएचवर अवलंबून असतं. हे लहान वाटतं पण मिडियमचा रंग जांभळट झालेला दिसला तर ते स्टेनिंग मी फेकून देते. सीरम जास्त घालून सेल्स खूश ठेवू असा विचार करू नका, प्रमाण बदललं की बाकीचं जुळवलेलंही बदलतं.

९० मिनिटं म्हणजे ९०. पण ९० नंतर काय करता तेही तितकंच महत्त्वाचं, आणि इथे मला वाटतं प्रोटोकॉल वाचणारे सगळ्यात जास्त घाई करतात. ट्यूब लगेच बर्फात, स्पिन ४ अंशावर, सेंट्रिफ्यूज आधीच थंड करून ठेवलेला, आणि तळाला बसलेल्या सेल्स थंड एचबीएसएस या क्षारांच्या द्रावणात, त्यातही सीरम आणि हेपिस. थंडीत पंप थांबतो, म्हणून चित्र गोठतं. आता विचार करा, सेंट्रिफ्यूज गरम होता, ८ मिनिटं सेल्स २५ अंशावर राहिल्या, बाहेरचा डाय धुतला गेलाय, पंप चालू आहे. आत भरलेला डाय बाहेर जायला लागतो आणि परत येणारा काही नाही. मग ज्यांच्याकडे थोडासाच पंप आहे त्या सेल्सही शेपटीत उतरतात. तुम्ही म्हणाल आज शेपटी छान जाड आली. अँटीबॉडीचं स्टेनिंगही बर्फावरच करा, नेहमीच्या खोलीच्या तापमानावर नाही, आणि सॉर्ट करताना, म्हणजे मशीनने हव्या त्या सेल्स वेगळ्या काढताना, मशीनचा सॅम्पल चेंबर ४ अंशावर ठेवा. सॉर्ट तीन-चार तास चालतो, म्हणून मी सुरुवातीला आणि शेवटी दोन्ही वेळा प्लॉट सेव्ह करते आणि एकावर एक ठेवून बघते. शेवटच्या तासात शेपटी हलली असेल तर त्या तासातल्या सेल्स वेगळ्या ट्यूबमध्ये.

डायच्या स्टॉकबद्दल थोडक्यात. १ मिलीग्राम प्रति मिली पाण्यात बनवा, गाळा, छोटे अलिकॉट करा, उणे २० ला अंधारात. पीबीएसमध्ये बनवू नका, जास्त कॉन्सन्ट्रेशनला होक्स्ट फॉस्फेटमध्ये खाली बसतो आणि वरच्या भागात किती उरला कोणाला कळत नाही. हा स्टॉक २०० पट आहे, म्हणजे १ मिलीला ५ मायक्रोलिटर, सोपं गणित. एकदा वितळवलेला अलिकॉट परत गोठवू नका. नवीन लॉट आला की जुन्याच्या शेजारी लावून बघा, एकाच मॅरोवर.

आता व्हेरापॅमिलची ट्यूब. ही ट्यूब नसेल तर तुमच्याकडे साइड पॉप्युलेशन नाही, फक्त डावीकडे खाली काही ठिपके आहेत. इतकं कडक म्हणायला मला काही वाटत नाही कारण शेपटीचं गेट कुठे काढायचं हे ही ट्यूबच ठरवते. आधी व्हेरापॅमिलच्या प्लॉटवर गेट काढा जिथे जवळजवळ काही उरत नाही, मग तेच गेट डायवाल्या ट्यूबवर ठेवा. उलटं केलं तर आपल्याला हवं तिथे गेट काढायचा मोह होतो आणि तो मोह सगळ्यांना होतो.

व्हेरापॅमिल घालूनही शेपटी जात नसेल तर मी या क्रमाने बघते. कधी घातलं? ते होक्स्टच्या आधी किंवा बरोबर जायला हवं आणि पूर्ण ९० मिनिटं राहायला हवं, शेवटी घालून उपयोग नाही. किती घातलं? ५० ते १०० मायक्रोमोलर, आणि ते इथेनॉलमध्ये विरघळवलेलं असतं म्हणून तितकंच इथेनॉल घातलेली एक ट्यूब वेगळी हवी. ही ट्यूब फार जण लावत नाहीत आणि मग परीक्षक नेमकं तेच विचारतात. तिसरं, व्हेरापॅमिल मुळात पी-ग्लायकोप्रोटीन या दुसऱ्या पंपाचा अडथळा आहे, एबीसीजी२ वर त्याची पकड तुलनेने कमी, म्हणून शंका असेल तर फ्युमिट्रेमोर्जिन सी किंवा केओ१४३ लावून बघा, ही दोन्ही एबीसीजी२ ला नेमकी धरतात. केओ१४३ ने शेपटी गेली आणि व्हेरापॅमिलने अर्धीच गेली तर पंप खरा आहे, तुमचा अडथळा कमी पडतोय. दोन्हींनी काहीच झालं नाही तर ती शेपटी पंपाची नाही, अंडरस्टेनिंग किंवा मेलेल्या सेल्स किंवा कचरा.

मेलेल्या सेल्सवरून आठवलं, त्या ओळखायला प्रोपिडियम आयोडाइड (पीआय) २ मायक्रोग्राम प्रति मिलीला, शेवटच्या थंड बफरमध्ये. पीआय लाल डिटेक्टरमध्ये फार जोरात चमकतो त्यामुळे मेलेल्या सेल्स उजवीकडे लांब पडतात आणि बाजूला काढणं सोपं जातं. पण ज्या सेल्स मरायच्या बेतात आहेत, ज्यांचा डीएनए तुटायला लागलाय, त्या कमी होक्स्ट घेऊन शेपटीच्या खाली पडतात. शेपटीचं टोक अगदी कोपऱ्यापर्यंत जात असेल तर टोकाचा खालचा भाग गेटमधून सोडून द्या. डबलेट, म्हणजे एकमेकींना चिकटलेल्या दोन सेल्स, त्याही काढा, एरिया विरुद्ध हाइटवर.

अँटीबॉडी निवडताना पॅसिफिक ब्लूसारखे निळे रंग टाळा, होक्स्टची चमक तिथे सगळं झाकून टाकते. फिट्सी, पीई, एपीसी चालतात. आणि होक्स्टचं सॅम्पल गेल्यावर मशीनची लाइन नीट धुवा, हा डाय नळीत चिकटतो आणि पुढच्या सॅम्पलच्या सेल्स जाता जाता स्टेन होतात. अनस्टेंड कंट्रोल नेहमी होक्स्टच्या आधी चालवा, नंतर नाही.

इथपर्यंत बोन मॅरोचं झालं. तुम्ही स्नायू, फुप्फुस, स्तनाची ऊती किंवा कॅन्सरची सेल लाइन घेऊन बसला असाल तर वरचे ५ मायक्रोग्राम आणि ९० मिनिटं हे आकडे तुमचे नाहीत. ते उंदराच्या बोन मॅरोवर जुळवलेले आकडे आहेत आणि मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते हे बघून की लोक ते आकडे तसेच्या तसे उचलतात आणि मग एक वर्ष घालवतात. एकाच सॅम्पलवर डाय २.५, ५, ७.५, १० लावा, वेळ ६०, ९०, १२० लावा, प्रत्येकाला अडथळ्याची जोडीदार ट्यूब. खूप ट्यूब होतात, मान्य, पण एकदाच करायचं आहे. जिथे मुख्य गठ्ठा घट्ट आहे आणि अडथळ्याने शेपटी पूर्ण जाते आणि डाय थोडा वाढवला तरी शेपटी टिकते, तो तुमचा आकडा. शिवाय ऊती कोलॅजिनेजने फोडत असाल तर जास्त वेळ फोडल्याने सेल्सचा पडदा आणि त्यावरची प्रोटीन दोन्ही जखमी होतात, म्हणून एन्झाइमची वेळही आकड्यासारखीच पक्की हवी.

आणि मग मुख्य प्रश्न. शेपटीत सापडलेल्या सेल्स स्टेम सेल आहेत का? बोन मॅरोत उत्तर बरंचसं हो आहे, कारण तिथे तपासायला बाकीच्या खुणा आहेत. चांगल्या स्टेनिंगमध्ये शेपटीतल्या बहुतांश सेल्स लिनिएज नेगेटिव्ह (पक्व रक्तपेशींच्या खुणा नसलेल्या), आणि स्का-१ पॉझिटिव्ह, सी-किट पॉझिटिव्ह (स्टेम सेलच्या या दोन खुणा असलेल्या) निघतात. हीच माझी रोजची कसोटी आहे, शेपटी किती टक्के आली यापेक्षा तिच्यात स्का-१ पॉझिटिव्ह किती हे मी आधी बघते. शेपटी दुप्पट झाली आणि स्का-१ चं प्रमाण अर्ध्यावर आलं तर स्टेम सेल वाढल्या नाहीत, बाकीच्या सेल्स घुसल्या.

इतर ऊतींमध्ये मात्र फार सांभाळून. एबीसीजी२ हा पंप केशवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या सेल्सवरही असतो, त्यामुळे स्नायू किंवा फुप्फुसाच्या शेपटीत सीडी३१ पॉझिटिव्ह एंडोथेलियल सेल्स भरपूर असू शकतात आणि सीडी४५ पॉझिटिव्ह रक्ताच्या सेल्सही. या दोन अँटीबॉडी लावल्याशिवाय तिथे स्टेम सेल हा शब्द वापरूच नका. कॅन्सरच्या सेल लाइनमध्ये अजून एक अडचण आहे जी मला फार महत्त्वाची वाटते. होक्स्ट डीएनएला बांधतो, तो विषारी आहे. शेपटीबाहेरच्या सेल्स डायने भरलेल्या, शेपटीतल्या जवळजवळ रिकाम्या. मग दोन्ही प्लेटवर टाकल्या आणि शेपटीतल्यांनी जास्त कॉलनी केल्या, तर त्या जास्त ताकदीच्या होत्या म्हणून की बाकीच्यांना विष दिलं म्हणून? हे वेगळं करायचं तर शेपटीबाहेरच्या सेल्स डाय न लावता दुसऱ्या खुणेने सॉर्ट करून कॉलनी करून बघाव्या लागतात, किंवा सगळ्या लाइनला तेवढाच डाय देऊन किती मरतात ते आधी मोजावं लागतं. या पद्धतीच्या मर्यादांवर २०११ मध्ये सेल स्टेम सेल या नियतकालिकात एक सविस्तर समीक्षा आली होती, कॅन्सरवर काम करणाऱ्या प्रत्येकाने ती स्टेनिंग सुरू करण्याआधी वाचावी.

अल्ट्राव्हायोलेट लेझर नसेल तर काय, हा प्रश्न मला नेहमी येतो. डायसायकल व्हायोलेट हा डाय ४०५ नॅनोमीटरच्या व्हायोलेट लेझरवर चालतो, तोही एबीसीजी२ बाहेर फेकतो, शेपटी त्याच प्रकारची दिसते. फक्त त्याचं प्रमाण आणि वेळ पुन्हा शून्यापासून जुळवा. होक्स्टच व्हायोलेटवर चालवून बघता येतं पण तिथे चमक कमी पडते आणि मुख्य गठ्ठा पसरतो, मी ते नवख्यांना सुचवणार नाही.

रोडामिन १२३ हा डाय वेगळा आहे, तो मायटोकाँड्रियात जातो आणि त्याला मुख्यतः पी-ग्लायकोप्रोटीन बाहेर काढतो. त्यात आधी डाय भरायचा, मग धुऊन डाय नसलेल्या गरम मिडियममध्ये परत ठेवायचं म्हणजे पंप तो बाहेर टाकेल, असे दोन टप्पे आहेत. होक्स्टचा एक टप्प्याचा प्रोटोकॉल रोडामिनला लावला आणि काही वेगळं दिसलं नाही, ही चूकही मी पाहिली आहे. आणि अल्डेफ्लोरचा प्रयोग पंपावर नाही, सेलच्या आतल्या अल्डिहाइड डिहायड्रोजिनेज या एन्झाइमवर चालतो. तिथे चमकणारा पदार्थ आत अडकून राहावा म्हणून बफरमध्ये पंपाचे अडथळे असतात, त्यामुळे धुताना साधा बफर वापरला की सिग्नल ओसरतो. डीईएबी, म्हणजे हे एन्झाइम अडवणारं रसायन, त्याची जोडीदार ट्यूब तिथे तितकीच सक्तीची आहे, आणि सेल्समध्ये अल्डेफ्लोर घातल्या घातल्या हलवून लगेच अर्ध्या सेल्स डीईएबी आधीच असलेल्या ट्यूबमध्ये घ्या, रिॲक्शन लगेच सुरू होते, उशीर केलात तर कंट्रोलच उजळ दिसतो.

परत होक्स्टकडे. आज तुमची शेपटी गायब असेल तर उद्या सगळं एकदम बदलू नका. उद्या एका उंदराचा मॅरो घ्या, ॲसिटिक ॲसिडमध्ये दोनदा मोजा, मिडियम आधी गरम करा, ट्यूबच्या आत थर्मामीटर ठेवा आणि दर १० मिनिटांनी आकडा लिहा, आणि त्याच सस्पेन्शनमधून चार ट्यूब करा, नुसता डाय, डाय आणि व्हेरापॅमिल, डाय आणि इथेनॉल, आणि डाय अर्ध्या प्रमाणात. अर्ध्या प्रमाणाच्या ट्यूबमध्ये शेपटी आली, स्का-१ पॉझिटिव्ह निघाली, आणि पूर्ण प्रमाणात नाही, तर तुमच्या वहीतले मागच्या महिन्याचे काउंट काढा आणि प्रत्येक काउंटपुढे मोजणाऱ्याचं नाव लिहा.